लोहगावचे विमानतळ: पुणेकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

विमाननगरमध्ये राहत असल्यामुळे असेल, पण विमानतळाविषयीची प्रत्येक शंका नातेवाइकांकडून, मित्रांकडून आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांकडून माझ्याकडे येते. कोणाला मुलाला अमेरिकेला पाठवायचे असते, कोणाला धानोरीत फ्लॅट घ्यायचा असतो, तर कोणाची जमीन पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी ठरलेल्या सात गावांपैकी एका गावात असते. दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा सगळी उत्तरे इथे एकत्र केली आहेत. बरीच उत्तरे शेवटी पहिल्या प्रश्नावर येऊन थांबतात, म्हणून तो आधी वाचावा.

१. पुण्याचे विमानतळ नेमके कोणाचे? सरकारचे, खासगी कंपनीचे की लष्कराचे?

धावपट्टी भारतीय हवाई दलाची आहे. विमान कधी उतरणार, कधी उडणार हे सांगणारे हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाचेच. प्रवासी जिथे वावरतात ती टर्मिनलची इमारत आणि तिच्यासमोर विमाने उभी राहतात तो भाग भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. मुंबईसारखी खासगी कंपनी इथे नाही.

पुण्यातल्या माणसाला हे वाड्याच्या भाषेत चटकन कळते. वाडा मालकाचा, आपण मागच्या दोन खोल्यांत भाड्याने. दिंडी दरवाजा कधी बंद होणार, अंगणात काय ठेवायचे हे मालक ठरवणार. त्यात मालकाचा दोष नाही. वाडा त्याने त्याच्या कामासाठी बांधला, आपण नंतर राहायला आलो. गोव्यात दाभोळीला हीच व्यवस्था आहे, फक्त तिथे मालक नौदल आहे. चंडीगड, श्रीनगर आणि जोधपूरलाही प्रवासी हवाई दलाच्याच धावपट्टीवर उतरतात.

२. लोहगावला विमानतळ कधी बांधले आणि का?

१९३९ मध्ये, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने. उद्देश मुंबईच्या हवाई संरक्षणाचा होता. मुंबईचे बंदर साम्राज्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते आणि त्याच्या रक्षणासाठी विमाने घाटावर, थोडी आत ठेवणे सोयीचे होते. पुणे आधीपासून लष्करी ठाणे होतेच. खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंट जवळ असल्यामुळे लोहगावचे सपाट माळरान निवडले गेले.

दुसऱ्या महायुद्धात इथे मॉस्किटो आणि वेलिंग्टन ही बॉम्बफेकी विमाने आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने होती. मे १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, हा तळ रॉयल इंडियन एअर फोर्सकडे आला. एवढ्यावरून लक्षात येईल की प्रवाशांचा विचार या जागेच्या आखणीत कुठेच नव्हता.

३. गोवा मुक्तीच्या वेळी विमाने पुण्यातून गेली होती, हे खरे आहे का?

खरे आहे. हवाई मोहिमेची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि मोहिमेचा मुख्य तळ पुणे होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी लोहगावच्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. त्या पहिल्या हल्ल्यात १२ विमाने होती. धावपट्टी निकामी करायची, पण तिथल्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असे आदेश होते आणि ते पाळले गेले. हंटर विमाने बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडत होती. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा स्वतंत्र झाला.

हा प्रसंग मी आवर्जून सांगतो. पुण्याहून दाभोळीला जाणारा प्रवासी ज्या दोन धावपट्ट्यांवर चढतो-उतरतो, त्या दोन्ही या इतिहासाच्या साक्षीदार आहेत. आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

४. डोक्यावरून जाणारी ती कर्कश विमाने कुठली? राष्ट्रपती त्यांत बसले होते म्हणतात.

ती सुखोई-३०. या जातीची पहिली विमाने भारतात आली तेव्हा, १९९७ मध्ये, ती लोहगावलाच ठेवली गेली. सुधारित सुखोई-३० एमकेआय २७ सप्टेंबर २००२ रोजी इथेच २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली.

राष्ट्रपतींची गोष्टही खरी आहे, आणि एका नव्हे, दोन राष्ट्रपतींची. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ८ जून २००६ रोजी आणि प्रतिभाताई पाटील यांनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी लोहगावहून सुखोईतून उड्डाण केले. दोघांचेही वय त्या वेळी ७४ होते. जळगावच्या प्रतिभाताई वैमानिकाच्या पोशाखात विमानाकडे चालत गेल्या, ते छायाचित्र आमच्या घरात पुष्कळ दिवस कपाटावर चिकटवलेले होते.

आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्यांना एवढेच सांगेन की तळ १९३९ चा आहे आणि आपल्या सोसायट्या फार नंतरच्या.

५. पुण्यातून प्रवासी विमाने एवढी वाढली ती कधीपासून?

पूर्वी दिवसाला मोजकी विमाने असत आणि त्यांतून प्रवास करणारेही मोजकेच. परदेशी जायचे तर मुंबईच्या सहार विमानतळावर जायचे, हे गृहीतच होते. रात्री जेवून टॅक्सीत बसायचे, घाट उतरायचा, लोणावळ्याला चहा. सोडायला निम्मे घर बरोबर.

चित्र पालटले ते २००३ नंतर. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या आणि त्याच सुमारास हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या वाढल्या. सोमवारी सकाळी बंगळुरू, शुक्रवारी रात्री परत, असा प्रवास करणारा नवा पुणेकर तयार झाला. चाकणच्या वाहन उद्योगामुळे जर्मनी आणि जपानचे पाहुणे येऊ लागले. २००८ मध्ये बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा टर्मिनलचा विस्तार झाला. तोही लवकरच अपुरा पडला. २०१८-१९ मध्ये वर्षाचे प्रवासी ९० लाखांच्या पुढे गेले आणि २०२४-२५ मध्ये एक कोटीचा टप्पा ओलांडला.

६. नवे टर्मिनल किती मोठे आहे? जुन्याचे काय होणार?

जुनी इमारत सुमारे २२ हजार चौरस मीटरची होती. नवी ५१ हजार चौरस मीटरहून मोठी, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त आहे. तिची क्षमता वर्षाला ९० लाख प्रवाशांची धरली आहे. उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीने झाले, पण पहिला प्रवासी आत गेला तो १४ जुलै २०२४ रोजी. मधले चार महिने तयार इमारत रस्त्यावरून पाहत आपण जुन्यातच रांगा लावत होतो. दर्शनी भागाला वाड्याच्या कमानींची आणि मराठा वास्तुकलेची आठवण करून देणारी घडण आहे, ती नक्की पाहा. जुन्या इमारतीचे नूतनीकरण करून दोन्ही एकमेकींना जोडून वापरायच्या, अशी योजना आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टर्मिनल दुप्पट झाले म्हणजे विमाने दुप्पट होतील असे नाही. धावपट्टी एकच आहे आणि तिच्यावर प्रवासी विमानांना मिळणाऱ्या वेळा हवाई दल ठरवते (प्रश्न १). नव्या इमारतीने बसायला जागा मिळाली, उडायला नाही.

७. इथून परदेशी विमाने कुठे जातात? 'आंतरराष्ट्रीय' म्हणण्याइतकी आहेत का?

परदेशी उड्डाणांची सुरुवात २००५ मध्ये दुबईने झाली. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे ते फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली. तिचे विमान छोटे, मध्ये एकच वाट असलेले होते आणि त्यातली सगळी आसने बिझनेस क्लासची. वाहन उद्योगातल्या अधिकाऱ्यांसाठीच ती होती असे म्हणायला हरकत नाही. काही वर्षे चालून ती बंद पडली. डिसेंबर २०२२ मध्ये 'विस्तारा' या विमान कंपनीने सिंगापूरची सेवा सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडिगोने दुबई आणि बँकॉकची.

मार्ग सुरू होतात, बंद होतात, हंगामाप्रमाणे वार बदलतात, म्हणून तिकीट काढताना कंपनीचे चालू वेळापत्रकच पाहावे. एक कोटी प्रवाशांच्या शहराला हे मार्ग थोडे आहेत, हे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुढच्या उत्तरात.

८. मुलगी न्यू जर्सीला असते. पुण्याहून थेट अमेरिकेला किंवा लंडनला विमान का नाही?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो बहुतेक वेळा आईवडिलांचा असतो. गुडघे दुखत असताना मध्यरात्री घाट उतरून मुंबई गाठण्याचे कष्ट मी माझ्या आईला करताना पाहिले आहेत, त्यामुळे उत्तर सविस्तर देतो.

लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे. मुंबई–दिल्ली करणाऱ्या छोट्या विमानांना ती भरपूर पुरते. पण अमेरिकेला जाणारे मोठे विमान चौदा-पंधरा तासांचे इंधन भरून निघते. इंधनाचे वजनच इतके असते की जमीन सोडण्याइतका वेग गाठायला लांब धाव घ्यावी लागते. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर. उंचावर हवा विरळ असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणजे धावायला आणखी जागा लागते. मुंबई समुद्राकाठी आहे आणि तिची मुख्य धावपट्टी ३,४०० मीटरहून लांब आहे.

मोठे विमान इथे उतरूच शकत नाही असे मात्र नाही. ते उतरेल, पण परत जाताना प्रवासी किंवा इंधन कमी घेऊन निघावे लागेल. अर्धी आसने रिकामी ठेवून अटलांटिक ओलांडणे कुठल्याच कंपनीला परवडत नाही.

धावपट्टी वाढवून तीन किलोमीटरच्या पुढे नेण्याचा प्रस्ताव आहे. त्यासाठी आसपासची जमीन घ्यावी लागते, रस्ते वळवावे लागतात आणि हवाई दलाची संमती तर प्रत्येक पायरीला लागते. तोवर पुणेकरांचे पर्याय दोनच: मुंबईचे विमान किंवा पुण्याहून दिल्ली, दुबई वा सिंगापूर गाठून पुढे. ज्येष्ठांना मी दुसरा पर्याय सुचवतो. पूर्ण प्रवासाचे तिकीट एकच असेल तर सामान साधारणपणे शेवटच्या विमानतळापर्यंत परस्पर जाते आणि चाकाची खुर्ची सगळीकडे मागता येते. दिल्लीमार्गे परत येताना मात्र देशात पहिल्यांदा उतरतो तिथे सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणी करावी लागू शकते, त्याला वेळ राखून ठेवा.

९. २०२१ मध्ये विमानतळ दोन आठवडे बंद का होते? पुन्हा तसे होईल का?

धावपट्टीचा पृष्ठभाग नव्याने करण्यासाठी. हे काम हवाई दलाने हाती घेतले होते. ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणे बंद होती आणि शेवटच्या टप्प्यात १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे १४ दिवस सगळेच बंद. दुसरी धावपट्टी असती तर ही वेळ आली नसती. एकुलत्या धावपट्टीची मोठी दुरुस्ती निघाली की शहराचे हवाई दार लागते, हे पुढेही खरे राहील.

१०. विमानतळाला तुकाराम महाराजांचेच नाव का? देहू तर दुसऱ्या टोकाला.

देहू दूर आहे, पण लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. त्यांच्या मातोश्री कनकाई इथल्या. लोहगावात तुकोबांची कीर्तने होत आणि इथल्या लोकांनी त्यांच्यावर अपार माया केली. म्हणून ज्या गावाच्या शिवारात धावपट्टी आहे, त्या गावाचेच हे नाते आहे.

राज्य मंत्रिमंडळाने 'जगद्गुरू संत तुकाराम महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ' या नावाला २३ सप्टेंबर २०२४ रोजी मान्यता दिली, त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात ठराव झाला. विमानतळांची नावे बदलण्याचा अंतिम अधिकार केंद्र सरकारचा असतो. राज्याचा ठराव ही त्यातली पहिली पायरी.

११. नाव बदलले की तिकिटावरचा 'पीएनक्यू' हा कोडही बदलेल का?

नाही. हा कोड 'पूना' या जुन्या नावावरून आला. शहराचे नाव अधिकृतपणे पुणे झाल्यालाही कितीतरी वर्षे झाली, कोड तसाच आहे. मुंबईचा कोडही 'बीओएम' म्हणजे बॉम्बेचाच. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात तो चार अक्षरी कोड वेगळा, 'व्हीएपीओ'. त्यातही शेवटी पूनाच आहे.

१२. विमानात बसल्यावर खिडकीतून फोटो काढू नका म्हणतात. खरेच मनाई आहे?

हो, आणि ती गंभीरपणे घ्यावी. खिडकीबाहेर लढाऊ विमानांचा तळ आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लष्करी धावपट्ट्यांवरील विमानांतून चित्रीकरण करू नये, असे पुन्हा बजावले. टर्मिनलच्या आत घरच्यांबरोबर फोटो काढायला कोणी अडवत नाही. विमानात चढताना, विमान धावपट्टीकडे जात असताना आणि उतरताना मोबाइल खिशात ठेवा.

१३. विमानतळावर जायचे कसे? मेट्रो आहे का?

थेट मेट्रो नाही. सगळ्यांत जवळचे मोठे स्थानक रामवाडी, ते मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. तिथून पुढे पीएमपीची बस, रिक्षा किंवा कॅब. परत येताना ॲपवरची कॅब टर्मिनलच्या दाराशी येत नाही. समोरच्या बहुमजली वाहनतळात, एरोमॉलमध्ये, जावे लागते. तिथे पादचारी पुलाने पोहोचता येते. सामान जास्त असेल तर ट्रॉली सोडू नका.

नगर रस्ता आणि ५०९ चौकाची संध्याकाळ हिशेबात धरा. कोथरूडहून निघणाऱ्याने पावसाळ्यात दोन तास हाताशी ठेवावेत असे मी सांगतो.

१४. लोहगाव किंवा धानोरीत फ्लॅट घेतोय. विमानतळामुळे काही अडचण?

बांधकामाच्या उंचीची. धावपट्टीच्या आसपास किती उंच बांधायचे यावर मर्यादा आहेत आणि तळ हवाई दलाचा असल्यामुळे ना हरकत दाखलाही संरक्षण विभागाकडून लागतो. शिवाय संरक्षण आस्थापनांच्या भिंतीलगतच्या जमिनींवर १९०३ च्या कायद्याखाली बांधकामबंदी घालता येते, आणि लोहगावात दारूगोळा साठ्याभोवतीच्या बंदीचा फटका अनेक साध्या कुटुंबांना बसला आहे.

बिल्डरच्या माहितीपत्रकावर थांबू नका. दाखल्याची प्रत मागा, त्यावर समुद्रसपाटीपासून किती उंचीला परवानगी आहे ते वाचा आणि मंजूर नकाशातल्या मजल्यांशी ताडून पाहा. जमिनीचीच उंची त्यातून वजा होते, हे बरेच जण विसरतात. माझ्या एका स्नेह्याने वरच्या मजल्यासाठी पैसे भरले आणि तो मजला कधी चढलाच नाही.

१५. पुरंदरचे विमानतळ कुठवर आले?

पुरंदरच्या जागेची घोषणा २०१६ मध्ये झाली. पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावे. नियोजित नाव छत्रपती संभाजीराजे आंतरराष्ट्रीय विमानतळ. (छत्रपती संभाजीनगर शहराच्या विमानतळाशी याचा संबंध नाही, गल्लत होते म्हणून सांगितले.) सुरुवातीला सुमारे २,८०० हेक्टर जमीन लागणार होती. २०२५ मध्ये क्षेत्र कमी करून सुमारे १,२८५ हेक्टरवर आणले गेले. मधल्या काळात रिसे-पिसे परिसरातली पर्यायी जागा पुढे आली होती, पण २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिला नकार दिला आणि गाडी पुन्हा जुन्या सात गावांवर आली.

पुण्याला मोठ्या धावपट्टीची गरज आहे, हे प्रश्न ८ वाचून कोणालाही पटेल. पण ही जमीन ओसाड नाही. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, इथले सीताफळ पुण्या-मुंबईच्या बाजारात नावाने विकले जाते. दुष्काळी तालुक्यात पाण्याचा थेंबन् थेंब जपून लोकांनी या बागा उभ्या केल्या. खानवडी तर महात्मा फुले यांच्या घराण्याशी जोडलेले गाव. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी शेतकरी आणि पोलीस समोरासमोर आले, ते दृश्य पाहून मला रात्रभर झोप लागली नाही. नंतर अनेक शेतकऱ्यांनी संमतिपत्रे दिली. मोबदल्यात पैशांबरोबर संपादित जमिनीच्या १० टक्के विकसित भूखंड देण्याचे सरकारने सांगितले आहे. तो भूखंड प्रत्यक्ष सातबाऱ्यावर किंवा करारात येईपर्यंत कागद सांभाळा आणि स्वाक्षरीआधी वकिलाला दाखवा, हेच मी तिथल्या ओळखीच्यांना सांगत आलो आहे.

१६. पूर्वी चाकणला विमानतळ होणार होते ना?

होणार होते. खेड तालुक्यातल्या वेगवेगळ्या जागांची पाहणी वर्षानुवर्षे चालली. डोंगर आणि जमीन देण्याला विरोध, या दोन्हींमुळे तो विषय मागे पडला आणि पुरंदर पुढे आले.

१७. पुरंदर सुरू झाल्यावर लोहगाव बंद होईल का?

हवाई दलाचा तळ कुठेही जात नाही. प्रश्न फक्त प्रवासी विमानांचा आहे आणि देशात दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. २००८ मध्ये बंगळुरू आणि हैदराबादची नवी विमानतळे सुरू झाली तेव्हा जुन्या एचएएल आणि बेगमपेटची नियमित प्रवासी विमाने बंद झाली. तशी अट करारातच होती. गोव्यात मात्र जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाले तरी दाभोळी चालू राहिले. पुण्याची घडण दाभोळीसारखी असल्यामुळे आणि शहराच्या पूर्वेला लाखो प्रवासी राहत असल्यामुळे दोन्ही चालू ठेवावीत, असे मला वाटते.

१८. नवी मुंबईचे विमानतळ झाले, मग आता पुरंदर कशाला?

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. पुणेकरांना ते सहारपेक्षा नक्कीच सोयीचे, कारण द्रुतगती महामार्ग उतरला की पनवेलपाशीच ते आहे. मुंबईतली वाहतूक टळते. पिंपरी-चिंचवड आणि वाकडच्या लोकांनी परदेशी तिकीट काढताना दोन्हींचे दर पाहावेत.

पण घाट तोच राहतो. पावसाळ्यात दरड आली, बोरघाटात ट्रक आडवा झाला की विमान चुकते. शिवाय प्रश्न फक्त माणसांचा नाही. नारायणगावची द्राक्षे, जुन्नर-पुरंदरची फळे, तळेगावची फुले आणि चाकणचे सुटे भाग परदेशी जाताना आज घाट उतरूनच जातात, आणि नाशवंत मालाला तिथला एकेक तास महाग पडतो.

१९. पुणे परिसरात आणखी धावपट्ट्या आहेत का? मुलाला वैमानिक व्हायचे आहे.

हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे इंजिन नसलेली ग्लायडर्स उडतात. बारामतीला धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक प्रशिक्षण चालते. लोहगावला शिकाऊ उड्डाणांसाठी जागा नाही. मुलाची बारावी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन होऊ द्या, प्रशिक्षणाचे पैसे भरण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून करून घ्या, आणि एखाद्या रविवारी बारामतीला जाऊन लहान विमाने कशी उडतात ते त्याला दाखवून आणा.